चालू ठेवायची गोळी, थांबवायची गोळी

अल्सरेटिव्ह कोलायटिसची औषधे ज्येष्ठांनी सुरक्षितपणे कशी घ्यावीत?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतील बहुतेक घरांत ज्येष्ठांच्या औषधांचा एक डबा असतो. रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, गुडघेदुखी अशा निरनिराळ्या तक्रारींची पाकिटे त्यात एकत्र नांदत असतात. घरातील कोणाला अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन आजार असेल, तर त्या डब्यात आणखी दोन-तीन पाकिटांची भर पडते. वरवर पाहता ती सारखीच दिसतात, परंतु त्यांचे स्वभाव अगदी भिन्न आहेत. काही औषधे आजार शांत असतानाही वर्षानुवर्षे घ्यायची असतात. काही मात्र आजार उसळला की ठरावीक आठवड्यांपुरतीच घ्यायची आणि मग क्रमाक्रमाने थांबवायची असतात.

पुष्कळ घरांत नेमके उलटे घडते. शौचावाटे रक्त जाणे थांबले की ‘आता बरे वाटते’ म्हणून रोजची गोळी बंद होते. काही महिन्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला, की जुनी चिठ्ठी शोधून ‘मागच्या वेळी जिने पटकन गुण आला’ ती स्टेरॉइडची गोळी परस्पर आणली जाते. या अदलाबदलीत तरुण रुग्णाचेही नुकसान होतेच, परंतु सत्तरीच्या रुग्णाला त्याची किंमत हाडे, डोळे, रक्तशर्करा आणि जंतुसंसर्ग अशा अनेक रूपांनी मोजावी लागते. म्हणून कोणती गोळी कोणत्या स्वभावाची आहे, हे रुग्णाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना, दोघांनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

आजाराचे स्वरूप

या आजारात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते आणि त्यावर बारीक व्रण पडतात. दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि काहींमध्ये वरच्या भागापर्यंत पसरतो. रक्त व आव पडणे, वारंवार आणि अनावर शौचाची भावना होणे, कुंथूनही पोट साफ न झाल्यासारखे वाटणे, पोटात मुरडा येणे, अशक्तपणा ही त्याची लक्षणे होत. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल. हा आजार संसर्गाने पसरत नाही आणि तिखट खाल्ल्यामुळेही होत नाही. लालबागच्या मसाल्याला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. आजार उसळलेला असताना तिखट-तेलकट सोसत नाही, एवढेच.

हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ रुग्ण आढळले आणि ती समजूत मागे पडली. आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो, परंतु काहींना तो साठीनंतर प्रथमच गाठतो. अशा वेळी ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष होते. उतारवयात शौचावाटे रक्त जाणे ही मूळव्याधच आहे, असे तपासणीवाचून कधीही गृहीत धरू नये. कर्करोग, आतड्याचा क्षयरोग, जंतुसंसर्गाची हगवण आणि कोलायटिस यांतील फरक दुर्बिणीच्या तपासणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने, आणि अस्तराचा तुकडा तपासूनच कळतो.

दोन औषधांची एकाच वर्षी परीक्षा

या आजाराच्या औषधांचा इतिहास जाणून घेतला की ‘चालू ठेवायची’ आणि ‘थांबवायची’ हा भेद मनात पक्का बसतो. स्वीडनच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी १९३०-४० च्या दशकांत सांधेदुखीसाठी एक जोड औषध तयार करवून घेतले. सल्फा जातीचे एक द्रव्य आणि सॅलिसिलेट जातीचे एक द्रव्य यांच्या संयोगातून सल्फासालाझिन जन्माला आले. सांध्यांसाठी बनवलेल्या या औषधाने कोलायटिसच्या रुग्णांची हगवण आटोक्यात येते, असे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९५५ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड येथील ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रुग्णांवरील चाचणीतून दाखवून दिले, की कॉर्टिसोन हे स्टेरॉइड उसळलेला आजार शमवते आणि प्राण वाचवते. त्याआधी तीव्र उसळीत मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते.

मग साहजिकच प्रश्न निर्माण झाला, की आजार शमल्यानंतर तो पुन्हा उलटू नये म्हणून यांपैकी कोणते औषध द्यावे? १९६५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन्ही औषधांची पद्धतशीर परीक्षा घेतली. सल्फासालाझिन घेत राहणाऱ्यांचा आजार शांत राहिला. कमी मात्रेतील स्टेरॉइड घेत राहणाऱ्यांना मात्र तसा लाभ झाला नाही. या गोष्टीला आता सहा दशके होत आली, तरी स्टेरॉइडच्या छोट्या मात्रेवर वर्षानुवर्षे राहिलेले रुग्ण आजही भेटतात.

१९७७ मध्ये ऑक्सफर्डमध्येच आणखी एक उलगडा झाला. बांगलादेशातून तेथे गेलेले डॉ. आझाद खान आणि त्यांचे सहकारी यांनी सल्फासालाझिनचे दोन घटक वेगवेगळे करून एनिमावाटे दिले. गुण येतो तो सॅलिसिलेट जातीच्या घटकाने, आणि मळमळ, डोकेदुखी, पुरळ यांसारखा बहुतेक उपद्रव होतो तो सल्फा घटकामुळे, असे त्यांना आढळले. त्या गुणकारी घटकालाच आपण आज मेसालामाइन म्हणतो.

चालू ठेवायचे औषध

सौम्य आणि मध्यम आजारात मेसालामाइन हेच मुख्य औषध आहे. त्याची मात्रा बहुधा दिवसाला २ ते ४.८ ग्रॅमपर्यंत असते. रक्तदाबाच्या चिमुकल्या गोळीची सवय असलेल्या ज्येष्ठांना एवढ्या मोठ्या गोळ्या पाहून धास्ती वाटते. वस्तुतः हे औषध रक्तात फारसे न मिसळता आतड्याच्या अस्तरावरच काम करते. म्हणून त्याचे वजन पाहून घाबरण्याचे कारण नाही.

या गोळीवर विशिष्ट आवरण असते. ते पोटात न विरघळता लहान आतड्याच्या शेवटी किंवा मोठ्या आतड्यात विरघळते. म्हणूनच ही गोळी फोडून, कुटून किंवा चावून घेऊ नये. गिळण्यास त्रास होत असेल तर दाणेदार स्वरूपातील पुडी मिळते. तिच्याविषयी डॉक्टरांना विचारावे. शौचात अख्खी गोळी किंवा तिचे टरफल वारंवार दिसू लागले, तर तेही सांगावे. दिवसातून तीनदा गोळ्या घेणे विसरले जात असेल, तर तीच मात्रा एका वेळी घेता येईल का, हा प्रश्न अवश्य विचारावा. बहुतेकांच्या बाबतीत ते चालते.

बरे वाटत असताना गोळी घेण्याचा कंटाळा येतो, हा मनुष्यस्वभाव आहे. शिकागो येथे शांत आजार असलेल्या ९९ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. नियमितपणे औषध न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक असल्याचे त्यात दिसले. मात्र औषध नेमाने घेऊनही आजार कधी उसळतो, आणि तो रुग्णाचा अपराध नव्हे. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना किशोरवयापासून हा आजार होता. त्यापायी २००७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे नव्या औषधाने प्रकृती सुधारली आणि २०१२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले. जवळजवळ आठ वर्षांनी, २०२० मध्ये, आजाराने पुन्हा डोके वर काढले आणि त्यांनी पायउतार होत असल्याचे जाहीर केले. शांततेची ती वर्षेही उपचारांचीच कमाई होती.

मेसालामाइनचे दोन दुर्मिळ धोके ज्येष्ठांनी लक्षात ठेवावेत. पहिला मूत्रपिंडाचा. औषध सुरू करण्यापूर्वी आणि त्यानंतर ठरावीक काळाने रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दुसरा म्हणजे औषध न सोसणे. गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत ताप, पोटदुखी आणि जुलाब वाढले, तर तो आजार नसून औषधाचा परिणाम असू शकतो. अशा वेळी मात्रा न वाढवता डॉक्टरांना कळवावे.

सल्फासालाझिन अजूनही वापरात आहे. ते स्वस्त आहे आणि सांधे दुखत असतील तर त्यांनाही उपयोगी पडते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ते घेऊ नये. त्यासोबत फॉलिक ॲसिडची गोळी लागते आणि रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या कराव्या लागतात. लघवीला नारिंगी रंग येतो, त्याने घाबरू नये. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर सल्फासालाझिनमुळे त्याचे शोषण कमी होऊ शकते, हे डॉक्टरांच्या नजरेस आणावे.

गुदमार्गे द्यायचे औषध आणि चाळीतील खोली

दाह गुदाशयापुरता किंवा डाव्या बाजूच्या आतड्यापुरता असेल, तर गुदमार्गे दिलेले मेसालामाइन तोंडावाटे दिलेल्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. ते सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची वडी, किंवा एनिमा या रूपांत मिळते. तरीही हेच औषध सर्वांत आधी सोडून दिले जाते. कारण उघड आहे. दहा-बाय-बाराच्या खोलीत चार माणसे झोपतात, संडास गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक, आणि आजोबांना किंवा आजींना हा विषय मुलासुनेपुढे काढण्याचाही संकोच वाटतो. तो संकोच समजून घेऊनच घरातील व्यवस्था लावली पाहिजे.

रात्रीची निजानीज झाल्यावरची वेळ ठरवावी. आधी शौचास जाऊन यावे. जुनी चादर किंवा प्लास्टिकचा कपडा अंथरावा, कारण या औषधाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. पडदा ओढून डाव्या कुशीवर निजावे, डावा पाय सरळ आणि उजवा गुडघा पोटाशी घ्यावा. बाटली हलवून औषध हळूहळू सोडावे. त्यानंतर निदान अर्धा तास त्याच स्थितीत पडून राहावे आणि शक्य झाल्यास औषध रात्रभर आत राहू द्यावे. उतारवयात गुदद्वाराचे स्नायू शिथिल झाल्याने एनिमा धरून ठेवता येत नसेल, तर ती हार मानू नये. सपोझिटरी किंवा फेसाच्या रूपातील औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. बहुतेक रुग्ण थोड्या सरावाने हे सर्व स्वतः करू शकतात, आणि तसे करता येणे हे त्यांच्या आत्मसन्मानासाठीही बरे.

रात्री घाईची भावना होऊन अंधाऱ्या गॅलरीतून धावत जाताना पडणे हा ज्येष्ठांना आजाराइतकाच मोठा धोका आहे. आजार उसळलेला असेल त्या दिवसांपुरती तरी खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी आणि वाटेत दिवा राहू द्यावा.

थांबवायचे औषध

प्रेडनिसोलोन हे या गटातील सर्वपरिचित नाव. मेसालामाइनने आजार आटोक्यात येत नसेल तेव्हा ते दिले जाते. मात्रा बहुधा ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरू होते, गुण दिसू लागला की दर आठवड्याला थोडी थोडी उतरवली जाते, आणि साधारण दोन-अडीच महिन्यांत औषध पूर्ण बंद होते. गुण झपाट्याने येतो, भूक लागते, उत्साह वाटतो. त्यामुळेच मोह निर्माण होतो.

दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू व काचबिंदू बळावतात, रक्तदाब आणि रक्तशर्करा चढते, स्नायू अशक्त होतात, जंतुसंसर्ग लवकर जडतो. काही वृद्धांची झोप उडते, चिडचिड होते, क्वचित भ्रमही होतो. घरच्यांना ते म्हातारचळ वाटते, पण ते औषधाचे परिणाम असू शकतात. मधुमेही रुग्णाने एक बारकावा ध्यानात ठेवावा. सकाळी प्रेडनिसोलोन घेतल्यावर साखर मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी चढते. केवळ उपाशीपोटीची साखर तपासली तर सारे ठीक आहे असा भ्रम होतो.

ही गोळी सकाळी, खाल्ल्यानंतर घ्यावी. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. उपचार लांबत असेल तर हाडांची घनता तपासून घ्यावी. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. शरीर या काळात स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे कमी करते, आणि बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब घसरणे, उलट्या, कमालीचा थकवा असा गंभीर प्रसंग ओढवू शकतो. म्हणून ‘थांबवायची गोळी’ याचा अर्थ ठरलेल्या तक्त्याप्रमाणे उतरवत थांबवायची गोळी असा घ्यावा. ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या असतात. कोणत्या तारखेला कोणती व किती, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावे.

वर्षभरात दुसऱ्यांदा स्टेरॉइडची गरज भासली, किंवा उतरवताना प्रत्येक वेळी त्रास उलटू लागला, तर उपचारांची दिशा बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे आणि आतड्याच्या तज्ज्ञांची भेट घ्यावी.

प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारी औषधे

अशा वेळी अझाथायोप्रिनचा विचार होतो. हे औषध ज्यांच्या संशोधनातून आले त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. याचा गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणून धीर धरावा लागतो. हेही ‘चालू ठेवायच्या’ गटातील औषध आहे, परंतु देखरेखीखाली. रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घसरू शकतात. एनयूडीटी१५ या जनुकातील बदल असणाऱ्यांना हा धोका विशेष असतो, आणि तो बदल भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळतो. सुरुवातीच्या आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागले किंवा ताप व घशात फोड आले, तर गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि रक्त तपासावे.

संधिवाताच्या एका प्रकारात, म्हणजे युरिक ॲसिड वाढल्यावर, ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिले जाते. अझाथायोप्रिन चालू असताना ही औषधे परस्पर सुरू केल्यास पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतात. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे आणि पोटाचे वेगळे असतात, तेव्हा हा मेळ जमवण्याची जबाबदारी औषधांची यादी बाळगणाऱ्या घरच्या माणसावर येते.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी जैविक इंजेक्शने पूर्वी आवाक्याबाहेर होती. अडालिमुमॅबचे जगातील पहिले बायोसिमिलर, म्हणजे जवळजवळ हुबेहूब प्रतिरूप, २०१४ मध्ये भारतातच बाजारात आले आणि किमती उतरू लागल्या. मुंबईत या औषधांपूर्वीची सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे क्षयरोगाची तपासणी. शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेला क्षयरोग या औषधांनी जागा होऊ शकतो. लहानपणी घरात कोणाला क्षय झाला होता का, गिरणीतल्या एखाद्या सोबत्याला होता का, हे ज्येष्ठांनी आठवून सांगावे. छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची चाचणी टाळू नये. ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ती निकामी होतात. वेडोलिझुमॅब हे औषध मुख्यतः आतड्यापुरतेच काम करते, म्हणून ज्येष्ठांसाठी त्याचा विचार अनेकदा होतो.

टोफासिटिनिब ही गोळी लवकर गुण देते आणि आता तुलनेने स्वस्तही मिळते. परंतु ६५ वर्षांवरील व्यक्ती, हृदयविकार असणारे आणि दीर्घकाळ धूम्रपान केलेले यांच्यात हृदयविकाराचा झटका, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांचा धोका वाढत असल्याचे आढळल्याने अमेरिका व युरोपातील औषध नियंत्रकांनी गंभीर इशारे दिले आहेत. दुसरा योग्य पर्याय नसेल तरच ज्येष्ठांना ती द्यावी, असा त्यांचा सल्ला आहे. नागीण उठण्याचा संभवही तिच्यामुळे वाढतो.

लसींबाबत एक साधा नियम आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूंची लस टाळायची. निर्जीव लस चालते. आपल्या मुंबईला निर्जीव लसीची ओळख फार जुनी आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्यात प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ती उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून केलेली होती. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने उभी आहे. फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण यांच्या निर्जीव लसी शक्यतो ही औषधे सुरू होण्यापूर्वीच घ्याव्यात.

डब्यातील इतर गोळ्या

गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्यांच्यामुळे शांत असलेला कोलायटिस उसळू शकतो आणि मेसालामाइनच्या जोडीला त्या मूत्रपिंडावरही भार टाकतात. साध्या दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल अधिक सुरक्षित, तेही मर्यादेत. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची लहान गोळी मात्र या भीतीने आपल्या मनाने बंद करू नये. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन चालू असेल तर अझाथायोप्रिन सुरू किंवा बंद करताना रक्ताची तपासणी लागते. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी तीव्र उसळीत घेतल्यास आतडे फुगून जिवावर बेतू शकते.

दादर-गिरगावातील आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांतून कुटजघनवटी, कुटजारिष्ट, बेलाचा मुरंबा आणण्याची आपल्याकडे परंपरा आहे. ते घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये आणि त्यासाठी चालू गोळी सोडू नये. बिननावाच्या, बिनलेबलच्या पुड्यांपासून मात्र दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारात किंवा जनऔषधी केंद्रात औषध स्वस्त पडते म्हणून तेथून आणण्यास हरकत नाही. पावती घ्यावी आणि मुदत पाहावी. मात्र मेसालामाइनच्या निरनिराळ्या गोळ्यांची आवरणे वेगवेगळ्या ठिकाणी विरघळतात, म्हणून एका नावाऐवजी दुसरे घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

पावसाळा, उपवास आणि गणपती

पावसाळ्यात जुलाब सुरू झाले तर ती आजाराची उसळी आहे की दूषित पाण्याचा संसर्ग, हे शौचाच्या तपासणीनेच ठरते. ती न करता स्टेरॉइड सुरू करणे धोक्याचे आहे. हिंदमाता परिसरात पाणी तुंबले की त्यातून चालत जाणे अनेकांना भाग पडते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ते कटाक्षाने टाळावे. नाइलाजाने चालावे लागलेच, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक औषधासाठी शक्यतो ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे.

एकादशी-चतुर्थीच्या उपवासाला औषधही वर्ज्य करण्याची काही आजींची रीत असते. मेसालामाइनचा खंड पडू देऊ नये. स्टेरॉइड चालू असताना तर निरंकार उपवास करूच नये. गणपतीला कोकणात जाताना मुक्कामापेक्षा दहा दिवसांची अधिक औषधे आणि चिठ्ठीची प्रत हातातल्या पिशवीत असावी, कारण गावात हीच औषधे मिळतील याची खात्री नसते.

शुश्रूषा करणाऱ्यांची वही

एक साधी वही पुरेशी आहे. तीत औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, स्टेरॉइड उतरवण्याचा तक्ता, दिवसातील शौचांची संख्या, रक्त होते की नाही, वजन आणि तपासण्यांचे निकाल लिहावेत. परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर बदलत असतात. अशा वेळी ही वहीच रुग्णाचा इतिहास बोलते. आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली असतील, तर आतड्याच्या कर्करोगावर नजर ठेवण्यासाठी कोलोनोस्कोपी केव्हा करावी, हेही विचारून त्यात नोंदवावे.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याची शंका आली तर डॉक्टरांना सांगावेच, शिवाय भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही सामान्य नागरिकाला त्याची नोंद करता येते.

पुढील लक्षणे दिसल्यास वाट पाहू नये

• दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि सोबत १०० अंश फॅरनहाइटवर ताप किंवा मिनिटाला ९० हून अधिक नाडी
• पोट फुगणे, सतत दुखणे, वायू सरकणे बंद होणे
• एका पायाला सूज व वेदना, किंवा अचानक धाप लागणे. उसळीच्या काळात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो
• प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू असताना ताप, फार दिवसांचा खोकला, अंगावर नागीण
• चक्कर, लघवी कमी होणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे

यांपैकी काहीही आढळल्यास औषधांचा डबा आणि वही सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

एरवी पुढील नेहमीच्या भेटीस जाताना घरातील औषधांचा डबा तसाच्या तसा घेऊन जावा. कोलायटिसच्या प्रत्येक पाकिटावर डॉक्टरांना विचारून एकच शब्द ठळक लिहून घ्यावा : ‘चालू’ किंवा ‘उतरवायची’. ‘उतरवायची’ असेल त्या पाकिटावर शेवटची तारीखही घालावी. ती तारीख उलटल्यावर उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात राखून ठेवू नयेत.